देवरी-नागपूर गाडीतल्या दोन पोरी

मी एसटीत कंडक्टर आहे, नागपूरला. देवरीहून परतीची गाडी होती, छत्तीसगड बॉर्डरकडचे बरेच लोक त्या गाडीने येतात. एक माणूस दोन पोरींना घेऊन चढला, पोरींना खिडकीकडे बसवलं अन् स्वतः कडेला. महिलांना अर्धं तिकीट असतं म्हणून एक फुल दोन हाफ दिलं मी. सहज एकीला विचारलं, नागपूरला कोणाकडे चालली बेटा, तर ती त्याच्या तोंडाकडे पाहायला लागली अन् उत्तर यानेच दिलं, "मौसी के यहां." दुसऱ्यांदा विचारलं तरी हाच बोलला. साकोलीला सगळी गाडी उतरली चहापाण्याला, या पोरी जागच्या हलल्या नाहीत.

मागे डेपोत महिला पोलीस आल्या होत्या, माणसांच्या तस्करीबद्दल सांगायला. त्या म्हणाल्या होत्या की मारहाण करत ओढून नेणारा क्वचितच दिसेल, जो दिसेल तो काम लावून देतो म्हणून गोड बोलून नेणारा, फोन अन् आधार स्वतःच्या खिशात ठेवणारा. माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

भंडारा स्टँडवर मी सरळ म्हटलं, चला ग पोरींनो, बाथरूमला जाऊन येऊ, मलाही जायचंय. लेडीज बाथरूमपर्यंत त्याला येता येईना, बाहेर उभा राहिला. आत लहानी बोलली, "आगे ट्रेन से जाना है, कहां वो भैया को पता है." मौसी वगैरे कोणी नव्हतीच. पोरींचे फोन त्याच्याजवळ, अन् त्यांच्या घरी काही पैसे देऊन आलेला. मोठीला राग आला, क्यूं बता रही है म्हणून, तिला खरंच काम पाहिजे होतं.

गाडी निघाल्यावर पुढे ड्रायव्हर भाऊंच्या बाजूला बसून पोलिसांच्या ११२ ला फोन लावला, गाडी नंबर सांगितला, मौदा मागे पडला होता. तिकडून सांगितलं गाडी नेहमीसारखी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला येऊ द्या, त्याला काही बोलू नका. पण नागपूरच्या अलीकडच्या टोकाला पारडी आली तसा तो उठला, पोरींना उठवलं, यहीं उतरना है म्हणे. मी घंटी मारलीच नाही, अन् भाऊंनीही गाडी दाबली. उतरणारे बाकीचे पॅसेंजर ओरडत होते माझ्यावर, ओरडू दे म्हटलं, सगळ्यांना स्टँडवरच उतरवते आज. माझे पाय थरथरत होते खरं सांगते.

स्टँडवर साध्या कपड्यात पोलीस उभे होते. त्याने आधी काका आहे सांगितलं, मग गाववाला आहे, मग मोठीचं आधार काढून दाखवलं, त्यावर वय १९. पण वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो, अन् दाखल्यावर ती १६ ची निघाली. पोरींना २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, तसं नेलं. मोठी माझ्याकडे बघतही नव्हती, "मेरा काम छुड़वा दिया आपने." तिचा राग मला समजतो, घरी खायचे वांधे असतील तर पोर दुसरं काय म्हणणार. पण ती आपल्या मर्जीने निघाली म्हणून नेणारा सुटत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये संमतीला किंमतच नाही, अन् एकाहून जास्त मुलं असतील तर शिक्षा कमीत कमी १४ वर्षं.

नागपुरात मुंबई-हावडा अन् दिल्ली-चेन्नई या दोन्ही रेल्वे लाईनी एकत्र येतात, इथून पोर कुठेही नेता येते, एकदा ट्रेनमध्ये बसली की शोधत बसा. म्हणून जे काय करायचं ते बसमध्ये, ऑटोत, प्लॅटफॉर्मवरच करावं लागतं. ट्रॅव्हल्सवाल्या क्लीनर पोरांना तर हे कोणी सांगतच नाही, अन् रात्रीच्या लांबच्या गाड्या त्यांच्याच. आमच्या गाडीत निदान प्रत्येक पॅसेंजरशी कंडक्टर एकदा बोलतो तरी. मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९, संशय आला तरी फोन करता येतो, पुरावा आपण द्यायचा नसतो, तो पोलीस पाहतील.

लहानी घरी गेली, आई न्यायला आली होती. मोठी अजून बालगृहात आहे, शिवणकाम शिकते असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. मला कोर्टात साक्षीला जायचंय, ड्युटी बदलून घेतली आहे त्या दिवसाची.