तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, आम्ही आधी कधी यायला हवं होतं?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. मांडीवर हॉस्पिटलची फाइल, पर्समध्ये सारखा वाजणारा फोन, आणि नवरा नाहीतर सासरे कुठल्या तरी आयसीयूत. इंदुरात वकिली करून मला सतरा वर्षं झाली. रामबागेतल्या माझ्या ऑफिसात आता निम्म्याहून जास्त काम अशा घरांचं असतं. कुणाला मूल होत नाहीये, कुणाची आई अंथरुणाला खिळली आहे, कुणाचा विम्याचा क्लेम अडकला आहे. समोर खचून बसलेल्या माणसाला "उशीर झाला" असं माझ्याने म्हणवत नाही. म्हणून ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांच्यासाठी उत्तर इथे लिहिते.

आजारी माणसाला समोरचं कळतंय, तो स्वतः बोलू शकतोय, समजून सही करू शकतोय, तोवर या. निदानाचा कागद हातात आला की त्याच आठवड्यात या.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मला वकिली करून नऊ वर्षं झाली होती. आईला बँकेचा ताप नको म्हणून सगळ्या एफडी त्यांनी एकट्याच्या नावावर ठेवल्या होत्या. नॉमिनी आई. शिवाय माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, करून कपाटात ठेवलेलं. बाबांची शुद्ध परत येईना, तेव्हा तो कागद घेऊन मी बँकेत गेले. मॅनेजरने तो शांतपणे वाचला, सगळ्या पानांवरचे शिक्के पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, ये अब नहीं चलेगा।" त्याचं बरोबर होतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 असं आहे की अधिकार देणारा माणूस मरण पावला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की त्याने दिलेला अधिकारही संपतो. परदेशात काही ठिकाणी अशा वेळेसाठीच टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. आणि नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर सुरू होतो. बाबा तर होते, श्वास घेत होते.

मग राहतं हायकोर्ट. इंदुरात एमजी रोडवरच्या खंडपीठात रिट याचिका करायची आणि पालक म्हणून नेमून घ्यायचं. अल्पवयीन मुलासाठी पालक नेमायचा कायदा आहे, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. पण कोमात गेलेल्या मोठ्या माणसासाठी सरळ एक कायदा नाही. केरळ हायकोर्टाने 2019 मध्ये अशा प्रकरणांसाठी रीत घालून दिली: डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याची चौकशी, सगळ्या वारसांना पक्षकार करणं, नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी हिशेब. रीत चांगली आहे, पण तिला वेळ लागतो. आमच्या घरात आदेशाला लागलेल्या पाच महिन्यांत फिजिओथेरपी, रात्रीची आया, डायपर, सगळं भावाने पीएफवर कर्ज काढून चालवलं. आदेश हातात आला त्यानंतर बाबा सात आठवडे होते. त्यांच्याच पैशांनी त्यांची सेवा करायला आम्हाला एवढा काळ कोर्टात उभं राहावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक सही वेळेवर झाली असती तर हे टळलं असतं. खातं जोडीने, "दोघांपैकी कुणीही अथवा हयात असेल तो" अशा पद्धतीचं. एवढंच. माणूस अंथरुणाला खिळलाय पण शुद्धीत आहे, तर बँकेला दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी, त्याचा अंगठा घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा. त्यासाठी बँकेला अर्ज द्या, लेखी द्या, पोच घ्या.

अंगठ्यावरून सांगते. गेल्या वर्षी एक वहिनी कागद घेऊन आल्या. घराचं बक्षीसपत्र, स्टॅम्प पेपरवर, खाली नवऱ्याचा अंगठा. पुतण्याने आयसीयूत शाईचं पॅड नेऊन घेतलेला. मी तो ठसा भिंगाखाली पाहिला. अंगठ्याची रेघ न रेघ उठली होती, कुठे फाटा नाही, कुठे ओढलं गेलेलं नाही.  हा हात दुसऱ्याने धरून टेकवलेला होता. वहिनींना ते ठाऊक होतं, त्या रडत होत्या, आणि त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना घर वाचवायचं होतं. असा कागद घर वाचवत नाही, उलट घरच्यांनाच फौजदारीत अडकवतो. तो वापरू नका, एवढंच मी त्या दिवशी त्यांना सांगू शकले.

आता उपचारांचं. मला कृत्रिम श्वासावर किती दिवस ठेवायचं, हे माणसाला आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला हा हक्क मान्य केला, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची आणि त्या अटीपायी कुणी वाटेलाच जात नसे. 24 जानेवारी 2023 ला अट सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या वतीने डॉक्टरांशी बोलायला एकापेक्षा जास्त जवळची माणसं नेमता येतात. कागद असला तरी निर्णय एकट्या डॉक्टरच्या हातात नसतो. हॉस्पिटलचं एक मंडळ आणि वर दुसरं मंडळ पाहतं. तरी या कागदाची खरी मदत घरातल्यांना होते. मोठा मुलगा म्हणतो व्हेंटिलेटर काढा, धाकटी म्हणते ठेवा, आणि दोघं आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत, अशी घरं मी पाहिली आहेत. आईने स्वतः लिहून ठेवलं असतं तर त्या भावंडांवर ते ओझं आलं नसतं.

या विषयावर घरात बोलणं जड जातं, हे मला कळतं. आपल्या मराठी घरांमध्ये "मृत्युपत्र" म्हटलं की आजी कानावर हात ठेवते. पण इंदूरची मराठी माणसं "वसीयत" सहज म्हणतात, कारण त्या शब्दात मृत्यू नाही. मीही आता वसीयतच म्हणते. शब्दाने काम सोपं होत असेल तर तोच वापरावा.

मूल हवं असलेल्या जोडप्यांना वाटतं, सहीचा हा विषय म्हाताऱ्यांचा आहे. तसं नाही. आयव्हीएफसाठी गेलेली जोडपी बिलिंग काउंटरवर उभ्याउभ्या पंधरा पानांवर सह्या करतात. गर्भ गोठवण्याच्या संमतीपत्रात विचारलेलं असतं की दोघांपैकी एक गेला तर या गर्भांचं काय करायचं. ती चौकट कुणी वाचत नाही. 2021 च्या एआरटी कायद्याप्रमाणे, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्याप्रमाणे, साठवण 10 वर्षांपर्यंतच करता येते, आणि गर्भ आत सोडण्याआधी संमती मागे घेता येते, हेही कुणी सांगत नाही. दिल्लीतल्या एका तरुणाने 2020 मध्ये कॅन्सरच्या उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवलं आणि त्याच वर्षी तो गेला. ते आपल्या हवाली व्हावं म्हणून त्याच्या आईवडिलांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली, आणि 4 ऑक्टोबर 2024 ला आदेश मिळाला. चार वर्षं! माझ्याकडे केमो सुरू व्हायच्या तीन दिवस आधी एक मुलगा आणि त्याची बायको आली होती. दोघं तिशीच्या आतली. त्या चौकटीवर आम्ही तासभर बसलो. ती म्हणाली, "हे मला त्याला विचारायचं होतं, पण कसं विचारायचं कळत नव्हतं." कागदामुळे तिला ते विचारता आलं.

सरोगसीचा रस्ता असेल तर आणखी लवकर या. त्यात पत्नीचं वय 23 ते 50 आणि पतीचं 26 ते 55 हवं, सरोगेट आईचा 36 महिन्यांचा विमा हवा, आणि बाळाचे आईवडील कोण याबद्दल मॅजिस्ट्रेटचा आदेश आधीच हवा. जन्मदाखल्याचा पाया तोच. ज्यांचे गर्भ 25 जानेवारी 2022 ला सरोगसीचा कायदा लागू होण्याआधीच गोठवलेले होते, त्यांना वयाची ही मर्यादा लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं. कायद्यापायी ज्यांनी आशा सोडली होती, अशांनी फाइल पुन्हा उघडून बघावी.

आणि जे सेवा करतात, किंवा ज्यांची सेवा व्हायची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुलगा सांभाळेल या भरवशावर घर त्याच्या नावावर करू नका. करायचंच तर "सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द" ही अट त्याच कागदात लिहा. आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या उर्मिला दीक्षित यांनी 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं, पण सोबत मुलाकडून सांभाळाचं वचनपत्र घेतलं होतं. वाद झाला. एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी), कलेक्टर, हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने, मग दोन न्यायमूर्तींचं पीठ विरुद्ध. 2 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने त्यांचं घर त्यांना परत दिलं. हे झालं 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली, आणि त्याचा अर्ज एसडीएमकडे करायचा असतो. नुसत्या विश्वासावर दिलेल्या घरांचे खटलेही मी लढते. ते फार अवघड जातात.

विम्याबद्दल थोडक्यात. कंपनीने क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग भोपाळच्या विमा लोकपालाकडे, नकारानंतर एका वर्षाच्या आत, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी. फी नाही. वकील लागत नाही, चालतही नाही. माझ्या फीचे पैसे तिथे वाचवा.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनी 15100 वर फोन करा. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

पहिल्या भेटीला कागद नसले तरी चालतील, मी यादी देते. पण आजारी माणसाला सोबत आणा. जिने चढवत नसतील तर फोन करा, मी घरी येते. त्यांच्याशी मला एकटीला बोलायचं असतं, अर्धा तास तरी, दार लोटून.