तुम्ही विचारलेत म्हणून: कुळथाची पिठी

मालवणी खानावळींवर आणि किनाऱ्यावरच्या माशांवर इतके लिहिता, मग तुम्हाला स्वतःला सर्वांत जास्त काय आवडते, असे वाचक मला वारंवार विचारतात, आणि कुळथाची पिठी व उकड्या तांदळाचा मऊ भात हे उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो. त्यांना सुरमईचे किंवा तिसऱ्यांचे नाव अपेक्षित असते. माझे उत्तर मात्र बदलत नाही.

कोकणात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. ते भाजून, भरडून, टरफले पाखडून दळले की घरात खमंग पिठाचा डबा भरतो, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना हाच डबा रोज उघडला जातो. ठेचलेल्या लसणीची आणि मिरचीची फोडणी करायची (काही घरांत लसणीऐवजी हिंग-जिरे असते), पाण्याला आधण आले की आमसुले टाकायची आणि पाण्यात कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. वरून ओले खोबरे. आंबटपणासाठी आमसूलच हवे, याबाबत मी हट्टी आहे. रातांब्याची साले त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली असतात, आणि ती खोली चिंचेला येत नाही.

खानावळीत ही पिठी क्वचितच साधते, आणि त्यात आचाऱ्याचा दोष नसतो. चुलीवरून उतरल्यावर ती पाहता पाहता घट्ट होते आणि पाणी घालून पुन्हा उकळली की चव पातळ होते, म्हणून तिला जेवणारे माणूस आधीच पानावर बसलेले लागते. शिवाय तापातून उठलेल्याला ती पातळ हवी, शेतावरून आलेल्याला दाट, लहान मुलाला बिनमिरचीची. आज ती कोणासाठी शिजते आहे हे घरातल्या रांधणाऱ्या हाताला ठाऊक असते. घरच्या साध्या जेवणावर माझा जीव आहे तो या जाणतेपणामुळे, आणि तो विकत मिळण्याची सोय नाही.

मुंबई-पुण्यात पीठ विकत घेणाऱ्यांनी डबा उघडून आधी वास घ्यावा. भाजल्याचा खमंगपणा नसेल तर ते घेऊ नये. आणि घरी भात वाफेवर ठेवल्यानंतरच पिठीला हात घालावा.