भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन कास: घाटात पळणारे टक्के

मंगळवार मुद्दाम निवडला. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी कासच्या रस्त्याला फुलांपेक्षा गाड्याच जास्त. सातारा स्टँडजवळच्या एका दुकानातून दिवसभरासाठी इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने घेतली. मागे बायको, पायाशी डब्याची पिशवी. बॅटरी ९६ टक्के, रेंज (एवढ्या चार्जवर गाडी जाईल ते अंतर) ७८ किलोमीटर. कासचं फुलांचं पठार पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन ५०. हिशेब सोपा वाटला.

समर्थ मंदिर मागे पडलं, यवतेश्वरचा घाट लागला आणि किलोमीटरमागे तीन-तीन टक्के उडायला लागले. वर पोचेस्तोवर बॅटरी ७२ आणि रेंज ४१! "परत फिरायचं का?" बायकोचा प्रश्न. खरं तर सपाटीवरचा आकडा घाटात लावणं ही माझीच चूक. दोन माणसं चारेकशे मीटर वर उचलायची तर वीज जाणारच. पुढे चढ सौम्य आहे. वीज वाचवणारा इको मोड लावला, पस्तीसच्या वर गेलो नाही, तेव्हा पठारावर ४६ टक्क्यांनी पोचलो. उतरताना घाटात बॅटरी जवळपास खर्चच झाली नाही, उलट एखादा टक्का चढला. दुकानात परतलो तेव्हा २४ उरले होते.

म्हणून जाणाऱ्यांनी वरच्या चढाचा अंदाज धरूनच निघावं. आम्हाला चार्जर दिलाच नव्हता. तुम्ही मागून घ्या, साध्या प्लगवर तासन्‌तास लागत असले तरी. पठारावर माझ्या मोबाइलला नेटवर्क नव्हतं, त्यामुळे ॲपनेच सुरू होणारी गाडी इकडे आणू नये. आमची किल्लीवाली होती, वाचलो. दुसरं हेल्मेटही मागा. हंगामात कासचं बुकिंग आधी करून ठेवा.

गावात मात्र ही गाडी झकास. स्टँडकडून राजवाड्याचा चढ ती न कुरकुरता चढते, पेट्रोलचा प्रश्न नाही, धूर नाही. फक्त आवाजही नाही. मोती चौकात पेढे घ्यायला वळलो तर एक आजी दचकून म्हणाल्या, "अरं, हॉर्न तरी वाजव की!" भाड्याची गाडी 'कुठेही सोडा' अशी सोय इथे नको, असं माझं मत. साताऱ्याच्या राजपथावर आधीच चालायला जागा नाही.

परत देताना मालकाने मडगार्डवरचा ओरखडा दाखवून डिपॉझिटमधले पाचशे कापायला काढले. सकाळी चारही बाजूंनी काढलेले फोटो पुढे धरले, तेव्हा कुठे पूर्ण पैसे मिळाले.