शाळेकडे नेमके काय मागावे

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला चिंताविकार आणि त्याच्या जोडीने नैराश्य असल्याचे निदान झाले, तेव्हा शाळेशी बोलणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग असेल, असे मला वाटले होते. पहिल्या भेटीत मी निदान, औषधे, रात्रीचे रडणे असे सगळे सांगितले. सर्वांनी ते मनापासून ऐकले, ‘आम्ही लक्ष देऊ’ असे आश्वासनही दिले, आणि पुढच्या आठवड्यात काहीही बदलले नाही. मी त्यांना आजाराचे नाव सांगितले होते. गणिताच्या तासाला कोणी काय करायचे, हे सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या भेटीपूर्वी मी आणि मुलीने तीन आठवडे एका वहीत नोंदी ठेवल्या. ‘मंगळवार, दुसरा तास, फळ्यापाशी बोलावले, हात थरथरले, वीस मिनिटे स्वच्छतागृहात.’ अशा ओळी. तिला विचारल्याशिवाय मी त्यात एकही शब्द लिहिला नाही. महिनाअखेरीस दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: सर्वांसमोर बोलायचे असेल त्या दिवशी ती शाळेत जातच नव्हती, आणि पहिला तास तिला जवळजवळ रोजच जड जात होता. शाळेत या दुसऱ्या गोष्टीला आळस म्हटले जात होते, याचे मला फार वाईट वाटले. किशोरवयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलते, मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. या वयाला ८ ते १० तासांची झोप लागते, पण निरोगी मुलांनाही लवकर झोप येत नाही. त्यात नैराश्याने झोप मोडलेली असेल, तर सकाळी उठणे हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न राहत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडून मी जे पत्र घेतले, त्यात निदानाला एकच ओळ होती. बाकी सर्व मजकूर तिला काय जमते, काय जमत नाही आणि कशाने फरक पडेल, याविषयी होता. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, म्हणून आधाराची खरी गरज याच सुरुवातीच्या काळात आहे, हेही त्यात नमूद केले होते. त्या पत्राच्या आधारे आम्ही मोजक्या मागण्या केल्या: दाराजवळची जागा, तोंडी परीक्षा फक्त शिक्षिकेसमोर, बुडालेल्या अभ्यासातला आवश्यक तेवढाच भाग, अडचण आल्यास जाण्यासाठी एक ठरलेली खोली आणि एक ठरलेली व्यक्ती. शिवाय बाकावर ठेवून निमूट बाहेर पडता येईल असे एक निळे कार्ड. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या वर्गासमोर हात वर करून परवानगी मागणे तिला अशक्य होते. दोन महिन्यांत तिने ते कार्ड तीनदाच वापरले. बाहेर पडता येते, एवढे ठाऊक असणेच तिला बहुतेक वेळा पुरले.

‘एकीसाठी वेगळे नियम कसे करायचे?’ असे एका शिक्षकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटात सात जणांमागे एकाला मानसिक विकार असतो. म्हणजे अशी मुले बहुधा प्रत्येक वर्गात असतात, त्यांतल्या अनेकांविषयी कोणी बोललेले नसते, इतकेच. मी एवढे सांगितल्यावर त्यांनीच तोंडी परीक्षेची सवलत आणखी कोणाला लागेल का, याची चौकशी सुरू केली.

सर्वांत अवघड ठरला तो एक प्रेमळ सल्ला. ‘बरे वाटेपर्यंत तिला घरीच राहू द्या,’ असे शाळेने सुचवले, आणि थकलेल्या आईला तो लगेच पटलाही. पण तिच्या समुपदेशकांनी समजावले की, शाळा टाळल्यावर जी तात्पुरती सुटका वाटते, तीच भीतीला खतपाणी घालते, आणि दिवस जातील तसे परतणे आणखी कठीण होत जाते. म्हणून आम्ही टप्पे ठरवले: पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतरचे दोनच तास, मग तीन, मग अर्धा दिवस. एखादा टप्पा जमला नाही, तर मागच्या टप्प्यावर जायचे, पण घरी थांबायचे नाही, असे तिच्या संमतीने ठरले. हे सर्व त्याच दिवशी मी ईमेलने शाळेला लिहून पाठवले, त्यात प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्ती आणि सहा आठवड्यांनंतरच्या आढावा बैठकीची तारीख घातली.

तरीही एकदा चूक झालीच. बदली तासाला आलेल्या शिक्षिकांना कार्डाविषयी माहिती नव्हती. त्यांनी सर्वांसमोर खुलासा मागितला, आणि पुढचे दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. आता आराखड्याचे एक पान शिक्षकांच्या खोलीतल्या फायलीत असते, त्यावर निदान नसते, फक्त काय करायचे ते असते. कोणाला किती सांगायचे, हे तिने ठरवले आहे: चार शिक्षकांना सगळे, बाकीच्यांना ते एक पान, वर्गाला काहीही नाही.

पहिल्या तासाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढच्या बैठकीच्या मुद्द्यांत तो दुसरा आहे. पहिला मुद्दा तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे: तोंडी परीक्षेच्या वेळी शेजारी एका मैत्रिणीला बसू देता येईल का?