जळगावहून जर्मनीला 11,904 युरो

जर्मनीत शिकायला जायचं तर व्हिसाच्या आधी सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षभराचा खर्च भरून दाखवावा लागतो. महिन्याला 992 युरो, म्हणजे बारा महिन्यांचे 11,904. चाळीसगावचा पोरगा असो की शहाद्याची पोरगी, आकडा सगळ्यांना सारखाच. पालकांचा पहिला प्रश्नही सारखाच असतो: कमिशन कुठल्या बँकेत कमी लागतं?

कमिशन हजार-दीड हजारात आटपतं. मोठा पैसा जातो तो रेटमध्ये, आणि तो पावतीवर वेगळा दिसत नाही. रावेर-यावलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. केळीचा जाहीर भाव वेगळा आणि काट्यावर हातात पडणारा भाव वेगळा, तसंच इथे. गुगलवर दिसणारा रेट हा बाजारातला मधला भाव. बँक किंवा फॉरेक्स कंपनी त्यावर आपलं मार्जिन चढवून तुम्हाला विकते. पैसे पाठवताना लागतो तो ‘टीटी सेलिंग’ रेट, म्हणजे खात्यातून खात्यात जाणाऱ्या चलनाचा विक्रीचा भाव, तोच विचारायचा. नोटांचा रेट वेगळा आणि महाग असतो.

हिशेब सोपा जावा म्हणून धरा, बाजारात युरो 100 रुपयांना आहे. एक जण म्हणतो, ‘कमिशन शून्य’, आणि रेट लावतो 102.50. दुसरा 1,000 रुपये कमिशन आणि त्यावर 180 रुपये जीएसटी घेतो, पण रेट देतो 100.90. पहिल्याकडे 11,904 युरोचे 12,20,160 रुपये होतात. दुसऱ्याकडे कमिशन धरून 12,02,294. शून्य कमिशनवाला जवळजवळ 17,900 रुपयांनी महाग पडला. चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे साधारण सारखाच, हजार-अकराशेच्या घरात. तो सरकारी सूत्राने ठरतो, त्यात घासाघीस नाही.

म्हणून दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये कापले जातील, आणि तिकडच्या खात्यात नेमके किती युरो पडतील?’ उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. सगळी उत्तरं एकाच अर्ध्या तासात घ्या. सकाळी एकाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा रेट घेतला तर त्या तुलनेला अर्थ नाही. दहा-बारा लाखांची रक्कम असेल तर ‘कार्ड रेट (दिवसाचा छापील रेट) नको, ट्रेझरीकडून (बँकेच्या चलन खरेदी-विक्री विभागाकडून) रेट काढून द्या’ असं स्पष्ट सांगा. रेट कमी होतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. डॉलर पाठवायचे असतील तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा ‘एफएक्स-रिटेल’ हा ऑनलाइन मंच 2019 पासून आहे. तिथे बाजारभावाने डॉलर मिळतो आणि बँकेचं मार्जिन आधी ठरलेलं असतं. लहान शाखेत हे नाव कदाचित कोणी ऐकलेलंही नसेल, तरी विचारा.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक तुमच्याकडून सरकारसाठी आगाऊ घेते तो कर. एका माणसाला एका आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ती मर्यादा आपल्याकडच्या बहुतेकांना अडवत नाही. अडचण 10 लाखांच्या पुढे सुरू होते. 2025-26 च्या दराने, एका पॅनवर वर्षात 10 लाखांपेक्षा जास्त गेले तर वरच्या रकमेवर शिक्षण आणि उपचारासाठी 5 टक्के, इतर कारणांसाठी 20 टक्के टीसीएस बँक आधीच कापून घेत असे. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर शून्य. दर बजेटात बदलतात, तेव्हा पाठवण्याच्या दिवशीचा दर बँकेला विचाराच.

इथे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावरचा, म्हणजे फॉर्म ए-2 वरचा, पैसे कशासाठी जातात ते सांगणारा पर्पज कोड महत्त्वाचा. शिक्षणासाठी एस-0305. काउंटरवरचा माणूस घाईत ‘कुटुंबाचा निर्वाह’ म्हणून एस-1301 टाकून मोकळा होतो. वरच्या उदाहरणात 100.90 च्या रेटने 10 लाखांच्या वर 2,01,114 रुपये जातात. 2025-26 च्या दराने शिक्षणाच्या कोडवर त्याचा टीसीएस 10,056 रुपये होता, निर्वाहाच्या कोडवर 40,223. एका कोडापायी तीस हजार अडकले. राहण्या-जेवणाचा खर्चही शिक्षणातच धरायचा, असं आयकर खात्याच्या जून 2023 च्या परिपत्रकात आहे. ब्लॉक्ड अकाउंटसाठी तेच परिपत्रक दाखवा आणि सोबत प्रवेशपत्राची प्रत जोडा.

टीसीएस म्हणजे बुडालेला पैसा नव्हे, तो तुमच्या पॅनवर जमा असतो. नोकरदाराला तो पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो, त्यासाठीचा फॉर्म कार्यालयात द्यायचा. खरी गोची शेतकऱ्याची आहे. कापूस-केळीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नसतं. रिटर्न भरल्याशिवाय ही रक्कम परत येत नाही. अशा घरात पैसे कोणाच्या खात्यातून जाणार हे आधी ठरवा. आई आणि वडील दोघांच्या पॅनवर निम्मी-निम्मी रक्कम गेली तर दोघांचीही 10 लाखांच्या आत राहते आणि टीसीएस लागतच नाही. फक्त त्या वर्षात त्या पॅनवरून आधी काही गेलेलं नसावं, दोघांच्या खात्यात पैसा रीतसर आलेला दिसावा, आणि ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या संस्थेला दोन हप्त्यांत रक्कम चालते का हे आधी विचारून घ्यावं. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर जास्त दराने कापतात, तेही आदल्या आठवड्यातच तपासा.

जळगावात सोनं गहाण ठेवून फी भरणारी घरं आहेत. ते कर्ज बँकेचं असलं तरी मंजुरीपत्रावर शैक्षणिक कर्ज असं लिहिलेलं नसेल तर शून्य टीसीएसची सवलत मिळत नाही. पतसंस्थेच्या कर्जालाही ही सवलत नाही.

पैसे लवकर जाण्याबद्दल सगळे अ‍ॅपचं नाव विचारतात. पण उशीर बहुतेक वेळा वाटेत होत नाही, इथेच होतो. तालुक्याच्या शाखेला परकीय चलनाचा अधिकार बहुधा नसतो. फॉर्म स्कॅन होऊन नाशिकला किंवा मुंबईला जातो. तिथे सही जुळली नाही, पॅनवरचं आणि पासबुकावरचं नाव वेगळं निघालं किंवा प्रवेशपत्र धूसर आलं की फॉर्म परत येतो आणि दोन दिवस गेले. त्यात दुपारची एक ठरलेली वेळ असते, त्यानंतर आलेला फॉर्म दुसऱ्या दिवशीचा धरतात. शुक्रवारी दुपारी चारला दिलेला कागद म्हणजे सोमवारचं काम. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी अकराच्या आत फॉर्म द्या, तिकडच्या सुट्ट्या बघून ठेवा. सगळं नीट असेल तर युरो एक-दोन कामाच्या दिवसांत पोचतात. बँकेच्या नेट बँकिंगमधून किंवा अधिकृत ऑनलाइन सेवेतून पाठवलं तर हा नाशिक-मुंबईचा फेरा वाचतो, पण पहिल्यांदा केवायसीला वेळ लागतो. तो फीच्या शेवटच्या तारखेला करू नका. सिंगापूरला नातेवाईक असेल तर यूपीआय आणि तिथल्या पेनाऊ या तसल्याच सेवेच्या जोडणीतून दिवसाला 60,000 रुपयांपर्यंत काही मिनिटांत जातात. महिन्याच्या खर्चाला ती सोय उत्तम आहे.

खात्याचा तपशील एकेक अक्षर मोठ्याने वाचून तपासा. स्विफ्ट कोड, म्हणजे तिकडच्या बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, 8 किंवा 11 अक्षरांचा. इंग्रजी ओ आणि शून्य इथेच एकमेकांत मिसळतात. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 22 अक्षरांचा आणि डीईने सुरू होणारा. अमेरिकेला आयबॅन नसतो, 9 आकडी राउटिंग नंबर असतो, आणि बऱ्याच बँकांत वायरचा नंबर वेगळा आणि साध्या ट्रान्स्फरचा वेगळा असतो. परदेशातून पैसे पाठवताना आपल्याला वायरचा हवा. ऑस्ट्रेलियाला 6 आकडी बीएसबी हा बँक-शाखेचा क्रमांक लागतो.

संदर्भाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. त्यात 35 अक्षरांच्या चार ओळी बसतात. पहिल्याच ओळीत विद्यार्थी क्रमांक किंवा ब्लॉक्ड अकाउंटचा संदर्भ क्रमांक आला पाहिजे, नाव त्यानंतर. वडिलांच्या खात्यातून नुसतं ‘पाटील’ नावाने आलेले पैसे तिकडच्या लेखा विभागाने कोणत्या पाटलाच्या नावे टाकायचे? आपल्याकडे एका गल्लीत वीस पाटील, त्यांच्या यादीतही दहा असतात. फी पोचूनही ‘बाकी’ दाखवत राहते ती यामुळे.

खर्च कोणाकडे, यासाठी फॉर्मवर तीन खुणा असतात: अवर (सगळा आपल्याकडे), शेअर्ड (वाटून), बेनिफिशियरी (घेणाऱ्याकडे). ब्लॉक्ड अकाउंट आणि फी दोन्हीसाठी ‘अवर’ घ्या. शेअर्ड ठेवलं आणि मधल्या बँकेने 20 युरो कापले तर तिकडे 11,884 पडतात. रक्कम पूर्ण भरल्याशिवाय खात्याचं प्रमाणपत्र निघत नाही, म्हणून 20 युरोसाठी पुन्हा सगळी मिरवणूक.

आणि पैसे चुकीच्या खात्यामुळे परत आलेच, तर ते टीटी बाइंग, म्हणजे बँकेच्या खरेदीच्या, रेटने परत येतात. 102.50 ला घेतलेला युरो 97.50 ला मोडला तर 11,904 युरोमागे 59,520 रुपये गेले. तपासणीची दहा मिनिटं याच्यापुढे काहीच नाहीत. किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशियाकडे एमबीबीएसला जाणाऱ्यांनी, विशेषतः रशियाला, विद्यापीठाला लेखी विचारावं की सध्या कुठल्या बँकेत भारतातून पैसे येतात. 2022 पासून रशियातल्या अनेक बँका स्विफ्टबाहेर किंवा निर्बंधाखाली आहेत. गेल्या वर्षीच्या सीनिअरने दिलेला खाते क्रमांक यंदा चालेलच असं नाही.

एजंटच्या स्थानिक खात्यात रुपये भरून ‘तिकडे मी भरतो’ हा मार्ग घेऊ नका. विद्यापीठाची पावती तुमच्या नावे येत नाही, आणि तो गडप झाला तर तुमच्या हातात कागद नसतो. रोख घेऊन तिकडे युरो देतो म्हणणारा हवालावाला रेट चांगला देतो हे खरं. पण परकीय चलनाच्या फेमा कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे, आणि पैसा कुठून आला हे व्हिसा अधिकाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. फॉरेक्स कंपनीला पैसे देण्याआधी तिचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत यादीत शोधा.

‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल आला तर त्याला उत्तर देऊ नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा फोन लावून खात्री करा. स्विफ्टने गेलेले पैसे परत मागवता येतात ते फक्त विनंती म्हणून, समोरच्याने हो म्हटलं तर. फसवणूक कळली त्याच मिनिटाला बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

पैसे गेल्यावर शाखेतून स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत, मागून घ्या. त्यावर यूईटीआर नावाचा, पैशाचा माग काढायचा 36 अक्षरांचा क्रमांक असतो. रक्कम तीन-चार कामाच्या दिवसांत दिसली नाही तर ‘पोचले का’ विचारत बसू नका. हा क्रमांक देऊन, पैसे आत्ता कुठल्या बँकेत आहेत आणि किती कापले, एवढंच विचारा. परकीय चलन विभागाला ते पडद्यावर दिसतं. स्विफ्ट कॉपी, ए-2 ची प्रत आणि टीसीएस कापला असेल तर त्या तिमाहीनंतर मिळणारं टीसीएसचं प्रमाणपत्र, हे तिन्ही एका फाइलमध्ये लावा. पुढच्या सेमिस्टरच्या फीला बँक आधी हेच कागद मागते.