तुम्ही विचारलंत म्हणून: कॅक्टसला पाणी किती दिवसांनी घालायचं?

गेल्या आठवड्यात परत एक फोटो आला. पांढरा सिरॅमिकचा कप, त्यात एक गोल काटेरी कॅक्टस, वर रंगीत खडे पसरलेले, आणि खाली नेहमीचाच प्रश्न, "ताई, याला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?" हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि दर वेळी मी उलट विचारते की झाड कोणतं आहे, तर समोरचा जरा हिरमुसतो कारण त्याला एक आकडा हवा असतो. आज नीट लिहूनच टाकते. आकडा पाळून पाळून गेलेली झाडं मी खूप बघितलीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे पानं नसलेलं, जाड, काटेरी काहीही दिसलं की आपण त्याला निवडुंग म्हणून मोकळे होतो. पण गावाकडच्या कुंपणातला फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेकडचा, इथे आणलेला. आणि बांधावरचा तीनधारी निवडुंग किंवा शेर हे कॅक्टस नाहीतच, ते युफोर्बिया, वेगळंच कूळ. ओळखायचं कसं, तर काटा जिथून निघतो तिथे बघा, भिंग असेल तर उत्तम. कॅक्टसला तिथे एक छोटीशी लोकरीसारखी मऊ गादी असते, तिला एरिओल म्हणतात, काटे त्यातून झुपक्याने येतात आणि बऱ्याच जातींत फुलं आणि पिल्लं पण तिथूनच येतात. युफोर्बियाला ती गादी नसते, काटे बहुतेक वेळा जोडीजोडीने असतात आणि जरा ओरखडा गेला की पांढरा चीक येतो. आता काहीजण फक्त चिकावरून ठरवतात, तसं करू नका, कारण काही मॅमिलारियांना पण दुधासारखा चीक येतो आणि त्या पक्क्या कॅक्टस आहेत. आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर त्रास होतो, तेव्हा कटिंग करताना ग्लोव्ह्ज घाला, नंतर हात साबणाने धुवा, मुलं आसपास नकोत.

ओळख चुकली की किती लांबवर परिणाम होतो बघा. १७९५ साली कोचिनीलचा किडा म्हणून, म्हणजे ज्याच्यापासून लाल रंग करतात तो, ब्राझीलमधून भारतात एक किडा आणला, त्याला खायला फड्या निवडुंग होताच. पण तो निघाला त्याच्या नात्यातला दुसराच किडा, रंग अगदीच सुमार, आणि निवडुंगाची एक जात मात्र त्याने इतकी फस्त केली की पुढे तोच किडा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत निवडुंग हटवायला मुद्दाम नेला गेला.

तर पाण्याचं. झाड मुळात कुठलं आहे त्यावरून ते पाणी कधी पितं ते ठरतं. मेक्सिकोतल्या बऱ्याच कॅक्टसना त्यांच्या घरी पाऊस उन्हाळ्यात मिळतो, त्यामुळे आपल्या जून ते सप्टेंबरात ते मस्त वाढतात, पाऊस हा काही त्यांचा शत्रू नाही. पण तिकडे एक सर येते आणि लगेच कडक ऊन पडतं, आपल्याकडे आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, कुंडी ओलीच राहते, हवा दमट, आणि मूळ कुजतं. याउलट हावर्थिया, लिथॉप्स ही दक्षिण आफ्रिकेतली मांसल पानांची मंडळी, कॅक्टस नव्हेत, त्यांना पुण्याची थंडी म्हणजे पर्वणी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांचा खरा सीझन. परदेशातले व्हिडिओ बघून "हिवाळ्यात सगळ्यांचं पाणी बंद" असं करणारे लोक नेमके त्या सीझनमध्येच त्यांना तहानलेलं ठेवतात आणि मग एप्रिलमध्ये, जेव्हा ती झोपायला लागतात, तेव्हा दया येऊन पाणी ओततात. लिथॉप्सचं तर अजून एक आहे, मधल्या फटीतून पानांची नवी जोडी वर येताना ती जुन्या जोडीतलंच पाणी पिते, जुनी जोडी कागदासारखी वाळेपर्यंत वरून थेंबही घालायचा नाही. आणि अडेनियम बरोबर उलटं, थंडीत पानं गाळतं, लोकांना वाटतं मेलं, पाणी वाढवतात, आणि तो सुंदर फुगलेला बुंधा आतून मऊ पडतो.

यातल्या बहुतेकांचा श्वास पण वेगळा असतो. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, ही रात्री उघडतात, म्हणजे पाण्याची वाफ कमी जाते, आणि रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. यातली एक सुरुवातीची नोंद आपल्या ओळखीच्या पानफुटीची आहे, भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा जातो, ते १८१५ साली छापून आलं. मला ही गोष्ट फार आवडते, आजीच्या अंगणातली पानफुटी आणि त्यात एवढं मोठं गुपित! यातून आपल्या कामाचं काय, तर यातल्या बऱ्याच झाडांना रात्र थंड लागते. माझी बहीण रत्नागिरीला असते, तिने तीनदा इचेव्हेरिया, म्हणजे जाड पानांची गुलाबासारखी दिसणारी झाडं, नेल्या, तीनदा गेल्या, आणि ती स्वतःला दोष देत बसली, पण तिकडच्या मे महिन्यातल्या रात्रीच अशा असतात की डोंगराळ मेक्सिकोतल्या झाडाला त्या झेपत नाहीत. तिला मी अडेनियम आणि युफोर्बिया मिली, म्हणजे काटेरी फुलझाड, दिलं, ते इतकं फुललंय की ती मला फोटो पाठवून पाठवून हैराण करते.

आता मातीचं, कारण खरं मरण तिथे आहे. माझ्याकडे ॲस्ट्रोफायटम नावाचा एक कॅक्टस होता, पाच कड्यांचा, अंगावर पांढरे ठिपके, नर्सरीतून आणला आणि तसाच ठेवला. जुलैत वरून टवटवीत दिसत होता, एक दिवस कुंडी सरकवायला हात लावला तर अख्खा झाड हातात आला, खालून सगळा लगदा. आत काळ्या मातीचा चिकट गोळा होता, तो दीड महिना ओलाच राहिला असणार. त्या दिवशी मी रडले होते. तेव्हापासून नर्सरीतलं झाड आणलं की पहिलं काम म्हणजे कुंडीतून काढायचं, मुळांची सगळी माती किंवा कोकोपीट हळूहळू झाडायचं, मुळात पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड, मग मुळं धुऊन चार-पाच दिवस सावलीत सुकवायची आणि कोरड्या मिक्समध्ये लावून आठवडाभर पाणी नाही. मिक्समध्ये माझ्याकडे साधारण सत्तर टक्के खडबडीत माल असतो, भरड चाळलेली वाळू, विटांचे बारीक तुकडे, सिंडर म्हणजे जळलेल्या कोळशाची खडी, मिळालं तर प्युमिस हा हलका सच्छिद्र दगड, आणि उरलेल्यात गांडूळखत आणि थोडी बागेतली माती. बारीक वाळू अजिबात नको, ती सिमेंटसारखी बसते. पावसाळ्यात वर पारदर्शक शीट, बाजू उघड्या, वारा खेळला पाहिजे. मार्च ते मे दुपारी हिरवी नेट, कारण सावलीतून आणलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं की भाजतं आणि तो डाग आयुष्यभर राहतो.

आणि पाणी घालायचं की नाही हे मी जळून गेलेल्या उदबत्तीच्या काडीवरून ठरवते. काडी कुंडीत तळापर्यंत खोचायची, दहा मिनिटांनी काढायची, ओलसर किंवा माती चिकटलेली असेल तर आज नाही. काडी कोरडी आणि झाडाचा सीझन चालू असेल तर खालच्या भोकातून वाहेपर्यंत भरपूर घालायचं, चमचा चमचा नाही. थोड्या दिवसांत हात कुंडी उचलूनच वजन ओळखायला लागतो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना शिवनेरीवर कड्याच्या फटीत मी शिंदळ माकुडी पहिल्यांदा बघितली. फ्रेरिया इंडिका, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावावरून ठेवलेलं नाव, रुईच्याच कुळातली, आणि जगात फक्त आपल्या महाराष्ट्रातल्या डोंगरांत उगवते. मांसल खोड, पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या कांड्या, आणि गडद लाल चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके. मी खाली बसून अर्धा तास बघत होते. घरी आल्यावर दोघांनी विचारलं, एक फांदी तरी आणायचीस ना. नाही आणायची. कुठल्याच गडावरून, कुठल्याच पठारावरून, कंदीलपुष्पसुद्धा नाही, एक फांदी प्रत्येकाने म्हटली तर त्या फटीत काय उरेल? दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम, लिथॉप्ससारखीच छोटी मांसल झाडं, अशीच पोत्याने उपटून नेली जातात, म्हणून विकत घेताना पण मी विचारते की हे बियांपासून केलेलं आहे का, आणि उत्तर गोलमोल आलं तर घेत नाही.

तर तो कपातला कॅक्टस. काटे एरिओलमधून, टोकाला हुकसारखे वाकलेले, म्हणजे बहुतेक मॅमिलारिया. मी त्यांना म्हटलं आधी कप उचलून खाली भोक आहे का बघा. नव्हतं, आणि खडे डिंकाने चिकटवलेले होते. काल त्यांनी खडे फोडून काढले, मुळं अजून पांढरी आहेत, झाड वर्तमानपत्रावर सुकतंय. रविवारी चार इंची मातीच्या कुंडीत लावणार आहेत आणि त्यानंतर आठवडाभर पाणी नाही, तेवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.