वाढणारा आकडा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी 38,000 निघाल्या, तेव्हा मला ना ताप होता, ना थकवा. पुढची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणीही दंडातून काढलेल्या रक्तावरच झाली, हाडातला मगज काढावा लागला नाही, आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक संथ कर्करोग, हे निदान कागदावर आले. हा आजार पाश्चात्त्य देशांत जितका दिसतो तितका आपल्याकडे दिसत नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. हे वेगळेपण माझ्या वाट्याला आले नसते तरी चालले असते.

त्यानंतर जे झाले ते घरात कोणालाच पटले नाही, कारण काहीच झाले नाही. कांती राय या भारतात जन्मलेल्या डॉक्टरांनी 1975 मध्ये अमेरिकेत या आजाराचे टप्पे मांडले, त्यांतला माझा टप्पा पहिला होता, म्हणजे रक्तात लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि मानेत गाठी. अशा वेळी केमोथेरपी लवकर दिल्याने आयुष्य वाढत नाही, हे पूर्वीच्या चाचण्यांतून दिसले आहे, म्हणून फक्त दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे ठरले. कर्करोग आहे आणि औषध नाही, हे वाक्य फोनवर नातेवाइकांना समजावून सांगणे मला आजारापेक्षा जड गेले. नणंदबाईंनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा पाठवला. माझ्या शरीरात वाढल्या होत्या त्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी, हे त्यांना कसे सांगावे ते कळेना. शिवाय अशा काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती, त्यामुळे डॉक्टरबाईंनी तो बंदच करायला सांगितला.

सगळी नोकरी बँकेच्या लेखापरीक्षणात झाल्यामुळे रिपोर्ट हातात आला की माझी नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर जाई. डॉक्टरबाई मात्र त्याच्याकडे पाहून पुढे जात आणि हिमोग्लोबिनवर थांबत. पांढऱ्या पेशी किती आहेत यापेक्षा त्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट होतात का, हिमोग्लोबिन 10 च्या आणि प्लेटलेट 1,00,000 च्या खाली घसरतात का, कारणाशिवाय वजन उतरते का, रात्री घामाने कपडे भिजतात का, हे त्यांना हवे असे. माझ्या वहीतला पांढऱ्या पेशींचा रकाना त्यांनी शेवटचा करायला लावला. दोन-तीन वर्षे अशीच गेली.

यंदा पावसाळ्यात जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबावे लागू लागले आणि हिमोग्लोबिन 9.6 वर आले. फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत 17 पी हा सतराव्या गुणसूत्राचा तुकडा शाबूत निघाला, ही चांगली बातमी होती. दोन मार्ग समोर ठेवण्यात आले. एकात ओबिनुटुझुमॅब सलाइनमधून आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या 20 मिलिग्रॅमपासून आठवड्याआठवड्याने 400 पर्यंत चढवत न्यायच्या, आणि वर्षभरात उपचार संपवायचा. दुसऱ्यात अकॅलाब्रुटिनिब 100 मिलिग्रॅम दर बारा तासांनी, लागू पडत राहील तोवर रोज घ्यायचे. मला स्वभावाने संपणारे औषध आवडले असते, कारण ज्याला अखेरची तारीख नाही असे खाते मला कधीच रुचले नाही. पण त्या औषधाने पेशी एकदम फुटल्या की मूत्रपिंडावर ताण येतो आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे माझे क्रिएटिनिन आधीच वाढलेले, म्हणून दुसरा मार्ग ठरला.

पहिले काही आठवडे डोके सारखे दुखत राहिले. त्यावर कॉफी प्या, असे डॉक्टरांकडूनच ऐकायला मिळाल्यामुळे घरात कधी नव्हे ते कॉफीचे भांडे दोनदा चढू लागले. पित्ताची नेहमीची गोळी मात्र सुटली, कारण तिच्यामुळे माझी कॅप्सूल शरीरात नीट शोषली जात नाही.

आजच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 1,42,000 आहेत. औषधाआधी त्या 96,000 होत्या. हे औषध बीटीके नावाचे प्रथिन अडवते, त्यामुळे गाठींत आणि प्लीहेत तग धरून बसलेल्या पेशी तिथून निसटून रक्तात येतात आणि पोषण न मिळाल्याने हळूहळू मरतात, म्हणून सुरुवातीला आकडा चढतो, हे आधीच सांगितलेले होते. मानेच्या गाठी हाताला जेमतेम लागतात आणि हिमोग्लोबिन 10.4 झाले आहे. पुढच्या वेळी आकडा आणखी वाढला तरी फोन करायचा नाही, ताप आला तर मात्र रात्री दोन वाजताही करायचा, ही डॉक्टरबाईंची सूचना मी ह्यांना दोनदा वाचून दाखवली आहे.